मावशीच्या हाताची सरळ रेघ

"सर, बारावी व्यक्ती पक्की! आमच्या मावशीइतका शांत हात अख्ख्या शहरात सापडायचा नाही. तासाभरात काम उरकतं की नाही बघा!"

असं छातीठोकपणे सांगून भाची दुपारी प्रयोगशाळेत शिरली. तिच्या प्रबंधाला बारा माणसांची मोजणी हवी होती. अकरा झाली होती. बाराव्याने सकाळीच फोनवर पाय मागे घेतला, आणि मेंदूला बाहेरून चुंबकाचा ठोका देणारं ते यंत्र पाच वाजता दुसऱ्या संस्थेत परत जायचं होतं. आज नाही तर वर्षभर नाही! म्हणून तिने मावशीला घरातून अक्षरशः उचलून आणलं होतं.

मावशी खुर्चीत बसली. उजवा हात उशीवर, तर्जनीच्या बुडाशी चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या तारा पडद्याकडे.

"मावशी, डोक्यात कुठे धातूची पट्टी वगैरे?"

"डोक्यात काहीच नाही, असं तुझे काका नेहमी म्हणायचे."

"हात अगदी सैल सोड. मेंदू हाताला जितक्या वेळा 'हल' म्हणतो ना, त्याहून जास्त वेळा 'थांब' म्हणत असतो. ते 'थांब' किती जोराचं, ते मला मोजायचंय. आधी हलका ठोका, लगेच मोठा. हलक्याने मेंदूला आवरलं, की मोठ्यालाही बोट कमी उडतं."

"थांबणं मोजायचं?" मावशी हळूच हसली. "चांगलं काम आहे गं. आमचं कुणी मोजलं नाही कधी."

पण पडद्यावरची रेघ काही थांबेना! हात निवांत असला की ती तळ्याच्या पाण्यासारखी सपाट हवी. ही तर उतू जाणाऱ्या दुधासारखी फुरफुरत होती.

"विजेचा गोंगाट!" भाचीने निदान केलं आणि तंत्रज्ञदादांना हाक मारली. दादांनी पंखा बंद केला. रेघ फुरफुरतेच! दिवे बंद केले. तीच गत! सगळ्यांचे फोन बाहेर बाकावर नेऊन मांडले, शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद केला. रेघ कुणाचं ऐकेना. शेवटी यंत्राची वेगळी तार तेवढी सोडून दादांनी अख्ख्या मजल्याचा खटकाच खाली ओढला! दारं धडाधड उघडली आणि माणसं अशी बाहेर आली, जणू वारुळावर कुणाचा पाय पडला!

"कुणी केलं हे?" सर बैठक अर्धवट टाकून धावत आले. पडद्याकडे बघताच मात्र त्यांचा आवाज उतरला. भाचीला बाजूला घेऊन म्हणाले, "ही वीज नव्हे. स्नायूच काम करतोय. मावशींच्या हाताला कंप तर सुरू होत नाही ना? सुरुवातीला वरून दिसत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

भाचीने मावशीच्या हाताकडे पाहिलं. लहानपणी तिच्या तळव्यातला काटा ज्या हाताने जराही न दुखवता काढला, तो हात! प्रबंध गेला खड्ड्यात. ती मावशीपुढे गुडघ्यांवर बसली.

"मावशी, खरं सांग. कप धरताना बशी वाजते का?"

"नाही गं. रडतेस कशाला?"

"मग हात का चालतोय?"

मावशी चोरी पकडल्यासारखी ओशाळली. "अगं, अंगठा हलवला नाही मी, तुझी शपथ! नुसता मनात पेरांवरून फिरवतेय. रोजची अकराशे नावं राहिलीत. ती झाल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही, ठाऊक आहे ना तुला? पण तूच म्हणालीस, 'चल, तिथे नुसतं बसायचंय!' म्हटलं, बसल्या बसल्या होतील."

सर मिळेल त्या स्टुलावर बसले. दादा भिंतीकडे तोंड करून हसू दाबू लागले.

"अजून किती?" सरांनी विचारलं.

"पावणेचारशे. आणि आता आणखी बोलायला लावू नका, आकडा विसरले तर पुन्हा पहिल्यापासून!"

चार वाजायला वीस मिनिटं होती. दादांनी मजल्याचे दिवे लावले आणि चवड्यांवर चालत परत आले. तिघंही पडद्यावर एका बाईचं नामस्मरण बघत उभे राहिले. दर नावाला रेघेला एक बारीकशी उचकी. बोट जागचं हलत नव्हतं, पण मनाने घेतलेलं नाव हातापर्यंत पोचत होतं. भाचीच्या मनात आलं, अकरा माणसं मोजली, पण त्यांच्या हातांत काय चाललंय, हे आपण एकालाही विचारलं नाही.

मग शेवटची उचकी आली, आणि रेघ इतकी सपाट झाली, की तार निसटली की काय म्हणून दादांनी वाकून पाहिलं!

"हं," मावशी म्हणाली, "आता दे तुझा ठोका."

भाचीने चुंबकाचं कडं मावशीच्या डोक्याला टेकवलं. टक्! बोटाऐवजी खांदा उडाला. टक्! पापणी लवली. टक्! काहीच नाही. चार वीस झाले.

"यंत्रच बिघडलं!" भाची रडकुंडीला आली.

"यंत्राला कशाला बोल लावतेस? तुझा हात थरथरतोय. माझ्या डोक्याला कळतंय ते. खाली ठेव आणि बस माझ्याजवळ."

"मावशी, वेळ नाही गं!"

"म्हणूनच बस."

भाची बसली. मावशीने मोकळ्या डाव्या हातात तिचा हात घेतला. पाच मिनिटं कुणी काही केलं नाही. मग भाचीने कडं उचललं. टक्! तर्जनी टुणकन उडाली. हलका ठोका, मोठा ठोका, सगळं जागच्या जागी. पाचला दहा कमी असताना बारावी मोजणी पूर्ण झाली.

नोंदवहीत दर मोजणीखाली एक रकाना असतो: अडथळ्याचे कारण. भाचीने आधी 'वीज' लिहिलं, खोडलं. 'मावशी' लिहिलं, तेही खोडलं. मग बराच वेळ पेन चावून, सरांना चष्मा लावूनही दिसू नये इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: 'मी.'