काचेवरचे ठिपके

"पाच दिवसांचं तर काम! बत्तीस वर्षं कारखान्यात तोफगोळे तपासले मी. चार मासे नाही सांभाळणार?" मुरलीधररावांनी छाती फुगवून विचारलं.

केतन मित्राच्या लग्नाला पुण्याला निघाला होता, पण त्या पोराचा सगळा जीव बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अडकला होता. टाकीत पोवळी होती, मासे होते आणि त्यांत एक निळ्या-केशरी नक्षीचा मासा होता. तो तर त्याचा कलिजाच!

"बाबा, बाकीच्यांना चिमूटभर दाणे. हा नक्षीवाला दाण्यांना तोंड लावत नाही. त्याला टाकीतले जिवंत बारीक किडेच लागतात. त्या किड्यांना खायला फ्रीजमधल्या हिरव्या बाटलीतल्या शेवाळपाण्याचे दहा थेंब. बस! और कुछ मत करना, प्लीज!"

काही न करणं मुरलीधररावांच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना काचेवर पांढरे ठिपके दिसले. डागाळलेला माल! त्यांनी बाही वर केली, नवं फडकं टाकीत घालून काच पुसली आणि ते बादलीत पिळलं. मग वहीत नोंद केली, 'काच: निर्दोष.' रोज हाच कार्यक्रम!

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दर सोमवारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्या. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"अहो, काय फेकून राहिले तुम्ही? हलून राहिलं आहे ते!"

"धूळ आहे ती. पाणी हललं की धूळ हलतेच!"

तपासनिसाशी वाद कोण घालणार? त्या बादली आत घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी नक्षीवाल्याचं पोट खपाटीला गेलं. व्हिडिओ कॉलवर केतन किंचाळलाच, "बाबा, काचेवरचे ठिपके कहाँ गए?"

"एकही शिल्लक ठेवला नाही!"

"ते ठिपके म्हणजेच किडे होते, बाबा! त्याचं जेवण होतं ते!"

मुरलीधररावांनी पायात चपला सरकवल्या. "मग नवे आणतो ना. कुठे मिळतात?"

"जबलपुरात नाही मिळत. मागवले तरी आठ दिवस लागतील. तोपर्यंत तो नाही टिकणार."

मुरलीधररावांना रडूच कोसळायचं बाकी होतं. पोराने विश्वासाने सोपवलेला एक मुका जीव आपण पुसून पुसून उपाशी मारला!

तेवढ्यात अनसूयाबाई लोणच्याची काचेची बरणी घेऊन आल्या. आत शेकडो पांढरे ठिपके बागडत होते.

"जिवंत जीव मोरीत कसे ओतायचे? सोमवारी घाटावर नर्मदामैयात सोडणार होते. तोवर उपाशी काहून ठेवायचे? म्हणून तुमच्या हिरव्या बाटलीतले दोन-दोन थेंब घालून राहिले होते."

"आई, नर्मदेचं पाणी गोडं! मेले असते ते!" केतन ओरडला, आणि लगेच हसत सुटला. "टाकीत सोड, टाकीत!"

त्यांनी बरणी हळूहळू रिती केली. दगडाआडून नक्षीवाला बाहेर आला आणि एकेक किडा टिपायला लागला. मुरलीधररावांचा जीव भांड्यात पडला.

परतल्यावर केतनने टाकीचा कारभार आईकडे सोपवला. फडकंही धुऊन आता फक्त मुरलीधररावांच्या चष्म्याला नेमलंय. चष्म्यावर ठिपका दिसला की ते आधी अनसूयाबाईंना हाक मारतात, "अहो, बघा बरं जरा, हलून तर नाही ना राहिला?"