मल्हारच्या जीपची मजबुती

केंदूरच्या मल्हारनं एखादी वस्तू मजबूत करायची मनावर घेतलं, की ती पुन्हा मोडायची बिशाद नव्हती! गोठ्याच्या फाटकाला त्यानं एवढं लोखंड ठोकलं होतं, की त्याच्या बायकोला, सुषमाला ते उघडतच नसे. ती बिचारी कुंपणाच्या फटीतून आडवी होऊन गोठ्यात जायची. मल्हार मात्र छाती काढून सांगायचा, "बगा, तीन वर्सं झाली, एक खिळा हलला न्हाई!"

त्याची जीप त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. पुढं दोघांची सीट, मागं चारी बाजूंनी पत्र्याची बंद पेटी आणि वर वाऱ्यासाठी जाळी. ही जीप घेऊन तो जुन्नरकडच्या डोंगरात जीपवाल्यांच्या मेळाव्याला गेला. "आपली म्हातारी कुठंबी चढती!" म्हणत एका कातळावर चढला. म्हातारी चढली खरी, पण उतरताना वाटेचा विचार न करता सरळ खाली आली! चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला तडा गेला, स्प्रिंगचे पाटे तुटले, मागच्या दाराची कडी निखळली आणि सायलेन्सर डोंगरातच राहिला.

"घाबरू नगं," तो सुषमाला म्हणाला. "आता आशी मजबूत करतो, की डोंगर तुटंल पर गाडी तुटायची न्हाई!"

शिरूरला रोहिदासचं वेल्डिंगचं दुकान होतं. जीप कशीबशी तिथं पोचली. त्याच दिवशी भांडगावहून मल्हारचे सासरे हौसराव महिनाभर राहायला येणार होते. मल्हारनं त्यांना एस.टी. स्टँडवरून आणून दुकानाबाहेर बाकावर बसवलं.

"जावईबापू, ही गाडी भंगारात घाला," हौसराव जीपकडं बघून म्हणाले.

"मामा, तुमाला गाडीतलं काय कळतंय!" मल्हारच्या तोंडून निघून गेलं. हौसरावांनी मोबाइल जीपच्या पुढच्या सीटवर चार्जिंगला लावला आणि बाकावर बसून लाल पटक्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

रोहिदासनं चासीचा तडा भरला, वर जाड पट्ट्या मारल्या, पाटे नवे घातले. सायलेन्सर तेवढा मिळाला नाही. मग मल्हार आणि तो चहाला गेले.

आता इथं एक गोष्ट झाली, ती मल्हारला माहीत नव्हती. बाकावर ऊन आलं. हौसरावांनी आजूबाजूला पाहिलं, जीपचं मागचं दार उघडं दिसलं, आत घोंगडी दिसली. ते आत शिरले, दार ओढून घेतलं आणि घोरायला लागले!

चहा पिऊन रोहिदासनं त्या दाराला बाहेरून हातभर लांब, मनगटाएवढा अडसर बसवला. मल्हारनं तो हातोड्यानं ठोकून घट्ट केला. "आता वाघ आला तरी उघडनार न्हाई!"

आत वाघ नव्हता, सासरा होता.

मल्हारनं गाडी चालू केली. सायलेन्सर नसल्यानं असा आवाज झाला, की समोरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकानं कान धरले. मागून आवाज आला, धप्! धप् धप्!

"रोहिदास, चासी आजून वाजतीया!"

रोहिदासनं मान तिरकी करून ऐकलं. "व्हय की. गाडी बंद करा."

गाडी बंद झाली. आतल्या हौसरावांना वाटलं, आता दार उघडतात. ते ठोकायचं थांबले. तेवढ्यात शेजारी ग्राइंडर सुरू झाला, त्यात त्यांची हाक विरून गेली.

"बंद केल्यावर वाजत न्हाई. म्हंजी चासीच!" रोहिदासनं निकाल दिला आणि आणखी एक पट्टी मारली.

तेवढ्यात सुषमाचा फोन. "अहो, आप्पा आलं का? फोन उचलत न्हाईत."

"आल्यात की, हे काय हितं..." मल्हारनं बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा! पुढच्या सीटवर हौसरावांचा मोबाइल वाजून वाजून दमला होता. मामा रुसून गेले!

चहाचा टपरीवाला म्हणाला, "लाल पटकेवालं म्हातारं व्हय? दौंडच्या गाडीत चढताना बगितलं."

मामा भांडगावला माघारी निघाले, असं समजून मल्हारनं जीप दौंडकडं, न्हावऱ्याच्या रस्त्याला घातली. खड्डा आला की धप्! गतिरोधक आला की धप् धप्! "वाज, काय वाजायचं त्ये वाज," मल्हार रडकुंडीला येऊन म्हणाला, "आदी मामा सापडू दे!"

न्हावऱ्याच्या पुढं त्यानं एस.टी. गाठली, आडवी जीप घातली आणि ती चालूच ठेवून बसमध्ये चढला. खिडकीशी लाल पटकेवाले म्हातारबुवा तोंडावर उपरणं घेऊन झोपले होते. मल्हारनं थेट पाय धरले. "मामा, चुकलो! घरी चला! तुमची पोरगी रडती!"

उपरणं बाजूला झालं. आतून भलताच चेहरा निघाला. "कोन रं तू? मी तुला पोरगी कवा दिली?"

अख्खी बस हसली. कंडक्टरनं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

आता एकच उरलं, भांडगावला जाऊन सासूबाईंना खरं सांगायचं. वाटेत त्याला विहिरी दिसल्या, कालवा दिसला, आणि प्रत्येक ठिकाणी मनात नको ते आलं. मामा आपल्याला पोराच्या मायेनं वागवायचे, आणि आपण एका गाडीपायी त्यांना बोललो! डोळे पुसत त्यानं जीप सासरच्या अंगणात उभी केली.

सासूबाई विठाबाई ओट्यावर शेजारणीबरोबर घेवडा निवडत बसल्या होत्या. मल्हार पायरीवरच कोसळला. "मामी, मामा हरवलं! माज्यामुळं गेलं!"

विठाबाईंच्या हातातली शेंग गळून पडली. "आरं द्येवा! कुठं हरवलं?"

धप्! धप् धप् धप्!

"त्ये काय वाजतंय?" विठाबाईंनी विचारलं.

"चासी हाय," मल्हार हुंदका देत म्हणाला. "गाडी चालू आसली की वाजती."

"पर गाडी तर बंद हाय!"

मल्हारनं वळून जीपकडं पाहिलं. या खेपेला हौसरावांचा धीर सुटला होता, ते थांबायला तयार नव्हते. "आरं उघडा! मुडद्यांनो, उघडा!"

मल्हार झेपावला. अडसर हलेना! हातानं नाही, लाथेनं नाही. शेवटी विठाबाईंनी घरातून कुऱ्हाड आणली आणि तिच्या माथ्यानं त्यानं घाव घातले, तेव्हा कुठं दार उघडलं. घोंगडीचे केस दाढीमिशीला चिकटलेले, घामानं निथळणारे, पण धडधाकट हौसराव बाहेर आले. मल्हारनं त्यांना अशी मिठी मारली, की त्यांचा पटका पडला. तो रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना. सुषमाला फोन लावून ओरडला, "सापडलं! आप्पा सापडलं!"

हौसराव तांब्याभर पाणी प्यायले. मग जीपभोवती एक फेरी मारली. "मला गाडीतलं काय कळत न्हाई, तुमी म्हनला त्ये खरं हाय जावईबापू. लय लाथा घातल्या, पर गाडी हलली न्हाई."

आणि ते हसले! मल्हारच्या छातीवरचा दगड उतरला. राग नाही, रुसवा नाही, सगळं गोड झालं.

विठाबाईंनी मात्र त्याला हळूच चुलीपाशी बोलावलं. "मानूस सुखरूप हाय, ब्येस झालं." मग अंगणाकडं एक नजर टाकून त्या कुजबुजल्या, "पर म्हैनाभर न्हेतो म्हनला व्हता न्हवं? मग त्याच दिशी माघारी का आनलं?"