मास्तरांचा पंखा

लोकांच्या शिव्या वाचायच्या आणि त्यांना गोड उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं काम. म्हणून ऑफिसात त्याला सगळे उत्तऱ्या म्हणत. ऑफिसला एका पंखा कंपनीचं कंत्राट होतं. तिच्याबद्दल लोक सोशल मीडियावर काय लिहितात यावर तो दिवसभर डोळा ठेवायचा आणि कुणी तोंड सोडलं की कंपनीच्या नावानं साखर पेरायचा. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. कृपया आपला फोन नंबर पाठवा.' लोक बिचारे नंबर पाठवायचे. त्यावर फोन करणारा माणूसच नव्हता. दिलगिरीचं खातं होतं, दुरुस्तीचं नव्हतं.

ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि पडद्यावर एक रेघ. शिव्या वाढल्या की लाल, कौतुक झालं की हिरवी. सगळ्यांची पोटं त्या रेघेला टांगलेली होती. आणि हल्ली ती लाल होती ती एका निवृत्त मास्तरांपायी. हे गृहस्थ रोज सकाळी उठून लिहायचे, 'काल रात्रीही पंखा खडखडला. हिला झोप नाही, मला झोप नाही. तुमचं दिलगीर होणं मात्र जोरात चालू आहे.' खाली लोकांची हसायला झुंबड.

साहेबांनी उत्तऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. "त्या म्हाताऱ्याला गप्प कर. महिनाअखेरीला रेघ हिरवी नसली तर कंपनी मला सोडणार, आणि त्याआधी मी तुला."

"साहेब, त्यांचा पंखा खरंच बिघडलाय."

"पंख्याचं मला कशाला सांगतोस? आपण काय पंखे विकतो?"

घरी बायकोला सातवा महिना. नोकरी गेली तर काय, हा विचार दोघंही करत होती आणि दोघंही बोलत नव्हती. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "इतकं लिहितोस, त्यापेक्षा एकदा जाऊन त्यांचा पंखा बघून का येत नाहीस?"

आणि उत्तऱ्यानं त्या धंद्यात आजवर कुणी केला नव्हता तो मूर्खपणा केला. तो पंखा दुरुस्त करायला गेला.

दुखणं किरकोळ होतं. दांडीवरची वाटी सैल होऊन खाली घसरली होती आणि पंख्याच्या डोक्यावर आपटत होती. उत्तऱ्यानं स्टुलावर चढून ती वर सरकवली, स्क्रू पिळला. पंखा गप्प. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मास्तरीणबाई बघता बघता घोरायला लागल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'माणुसकी अजून जिवंत आहे.' रेघ अशी हिरवी झाली की साहेबांनी स्वतःच्या हातानं उत्तऱ्याला चहा दिला.

चहा पचायच्या आत कंपनीचा फोन आला. साहेब नुसतं "हो, हो" म्हणत राहिले आणि फोन ठेवून उत्तऱ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यानं घर पेटवलं होतं.

"ते म्हणतात, आता तक्रारच उरली नाही, तर तुम्हाला कशाला पोसायचं? काय केलंस तू?"

"पंखा दुरुस्त केला."

"कुणी सांगितलं होतं? अरे, तक्रार ही आपली दुभती गाय. तिची धार काढायची असते. तू तिला कापून आलास." साहेबांनी डोकं धरलं. "जा. काय करायचं ते कर. मला रेघ परत लाल पाहिजे."

उत्तऱ्या मास्तरांकडे गेला आणि दारातच हात जोडले. "मास्तर, एक तक्रार लिहा. एकच. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"पण पंखा छान चालतोय की."

"तरी लिहा."

"हे बघ बाळ, जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. आता खोटं कसं लिहू?"

"पंखा खडखडला तर लिहाल?"

"खडखडला तर लिहीन. खरं असेल ते लिहीन."

उत्तऱ्यानं पलंगाकडे पाहिलं. बाई गाढ झोपल्या होत्या. त्याला स्वतःची किळस आली, पण किळस काही बाळंतपणाचा खर्च करत नाही. तो स्टुलावर चढला. मास्तरांनी सवयीनं स्टूल धरलं. स्क्रू ढिला झाला, वाटी खाली आली, खडखड सुरू झाली आणि बाई दचकून उठून बसल्या.

"आता लिहा," उत्तऱ्या म्हणाला. त्याला मास्तरांकडे बघवेना.

मास्तर शब्दाला जागले. त्यांनी खरं तेच लिहिलं. 'तुमच्या माणसानं माझा पंखा नीट केला. नंतर तोच येऊन बिघडवून गेला. असं का, ते त्यालाच विचारा.'

सकाळपर्यंत हे हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. रेघ लाल होऊन पडद्याच्या बाहेर जायच्या बेतात होती. कंपनी हादरली आणि तिनं साहेबांचं कंत्राट दुप्पट पैशांनी वाढवून दिलं. साहेब हसतच टेबलाशी आले.

"वाचलो रे. आता झटपट उत्तर टाक. तुझ्याइतकं गोड कुणाला जमत नाही."

"काय लिहू?"

"दिलगिरी लिही. आणि संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढलंय, असं लिही."

"नुसतं लिहायचंच ना, साहेब?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मास्तरांशी खोटं बोलून चालेल का? लिही, पाठव, आणि मग टेबल आवर."

उत्तऱ्यानं लिहिलं. सवयीनं 'मनापासून' हा शब्दही घातला. खाली पहिला अंगठा मास्तरांचाच आला. उत्तऱ्या आपला डबा पिशवीत भरत होता, तेवढ्यात मागं ऑफिसात टाळ्या वाजल्या. त्यानं वळून पाहिलं. रेघ हिरवी होत होती.