आठ दिवसांच्या बोलीवरची लेन्स

लेन्सला अरुंधतीची हरकत नव्हती. हरकत होती ती किड्यांना. दिनानाथने पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मोठा डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा आता आपले, नातवंडांचे, गेला बाजार गणपतीचे तरी चांगले फोटो निघतील, अशी तिची समजूत होती. दोन वर्षांत निघाले ते कढीपत्त्यावरचा कोळी, तुळशीवरचा मावा आणि बाथरूमच्या जाळीवरचं एक पाखरू, ज्याचं नाव अजून कुणालाही सांगता आलेलं नव्हतं. आता त्याला मॅक्रो लेन्स हवी होती. म्हणजे हेच सगळं, पण आणखी जवळून.

"आणायची तर आणा," अरुंधती म्हणाली. "पण तिच्यात माणसाचा चेहराही नीट यायला हवा. आधी माझा एक फोटो काढायचा. मला आवडला तर लेन्स घरात राहील."

"न आवडायला काय झालं?"

"माथेरानचा फोटो आठवतोय ना?"

दिनानाथला आठवत होता. त्यात घोडा सुरेख आला होता.

जुन्या पनवेलमध्ये अय्यूबभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. वीस वर्षं कुवेतमध्ये लग्नांचे फोटो काढून परतलेला हा माणूस लेन्स अशी काढून दाखवायचा, की जणू स्थळ दाखवतोय. त्याने काउंटरवर मखमल पसरली आणि तीन लेन्स मांडल्या.

"ही साठ मिलिमीटरची. हिने किडा काढायचा तर त्याच्या नाकाशी जावं लागतं. तो तुमच्यासाठी थांबणार आहे का? ही एकशेऐंशीची. लांबून काढते, पण उचलून बघा जरा."

दिनानाथने उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली.

"आणि ही शंभरची. किडाही काढते, माणूसही काढते. एका खर्चात दोन कामं."

"चेहरा कसा येतो?"

"अल्ला कसम साहेब, इतका साफ, की माणूस स्वतःला ओळखणार नाही."

अय्यूबभाई त्या दिवशी जेवढं बोलले त्यात हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. "आठ दिवस घरी वापरा," ते म्हणाले. "वहिनींना पसंत पडली तर ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी संध्याकाळी परत. फक्त डबा फाडू नका."

दिनानाथने लेन्सची लांबी, रुंदी, वजन, सगळं वहीत लिहून घेतलं. मोजायचा राहिला तो स्वतःचा हॉल.

नवीन पनवेलमधल्या त्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा. अरुंधती पैठणी नेसून खिडकीपाशी खुर्चीत बसली. दिनानाथने कॅमेरा डोळ्याला लावला तर आत नुसतं नाक आणि अर्धी नथ.

"पदर येतोय ना? काठ दिसले पाहिजेत," अरुंधतीने बजावलं.

दिनानाथ मागे सरकला. हनुवटी आली. आणखी सरकला, गळा आला, आणि पाठीला भिंत लागली. दार उघडून तो जिन्याच्या लँडिंगवर गेला, तेव्हा पदर आला. काठ मात्र समोरच्या विनिताच्या फ्लॅटमध्ये होते. म्हणजे अख्खी पैठणी बसायची तर फोटोग्राफरने विनिताच्या हॉलमधून मागे मागे जात थेट तिच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभं राहायला हवं होतं.

"या ना काका," विनिता म्हणाली. ती बोलायला गोड होती. "फक्त साडेअकराला मला कुकर लावायचाय."

तर दोन्ही फ्लॅटची दारं सताड उघडी, मध्ये जिना, एका टोकाला पैठणी आणि दुसऱ्या टोकाला फोडणी, अशी ती व्यवस्था लागली.

"हस!" दिनानाथ ओट्यापासून ओरडला. त्याबरोबर सिलेंडर घेऊन चढणारा माणूस मध्येच थांबून हसला आणि फोटोत आला. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. तिसऱ्या दिवशी विनिताच्या सासूबाई तीनदा आल्या, आणि तिन्ही वेळा केस विंचरून आल्या. चौथ्या दिवशी करंजाहून मासे घेऊन येणारी ठमाबाई पाटी उतरवून लँडिंगवरच टेकली.

"फोटु काढताव? आमचा बी काढा की."

"ठमाबाई, जरा बाजूला..."

"जागा धरून बसलंय मी. आता उठाचा नाय."

दिनानाथने चिडून कळ दाबली. फोटो असा आला, की तो स्वतःच बघत राहिला. कपाळावरची रेघ न् रेघ, डोळ्यातली चमक, कानातल्या सोन्यावरचा पोचा. ठमाबाईने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बराच वेळ निरखून पाहिलं.

"बरा हाय. पन मावरा कुटं हाय यात? पाटी आलीच नाय."

पाचव्या दिवशी जिन्यात कुणी नव्हतं, कुकर झाला होता, अरुंधती हसत होती, आणि अखेर फोटो निघाला. इथे थांबला असता तर दिनानाथ वाचला असता. पण कोळ्याचा फोटो संगणकावर टाकला की तो सवयीने शंभर टक्के मोठा करून त्याच्या पायावरचे केस मोजायचा. तोच हात चालला. पडद्यावर अरुंधतीचा वरचा ओठ वीतभर झाला.

"बघ, बघ काय शार्प आलंय! एकेक लव सुटी दिसतेय!"

अरुंधतीने पडद्यापाशी वाकून पाहिलं.

"हा माझ्या आईचा फोटो आहे," ती म्हणाली.

"अगं, तुझाच."

"माझी आई ऐंशीव्या वर्षी अशी दिसायची. आणि ठमाबाईचा बरा चांगला येतो! तो घोडाही चांगला आला होता!"

सहाव्या दिवशी दोन्ही वेळा पडवळ झालं. सातव्या दिवशी दिनानाथ अय्यूबभाईंकडे धावला.

"मॅक्रो लेन्स खोटं बोलत नाही, साहेब," अय्यूबभाई खिन्नपणे म्हणाले. "बायकांचे फोटो काढायला थोडं खोटं बोलावं लागतं. आम्ही कुवेतमध्ये लेन्सच्या पुढे साधी काच लावायचो आणि काचेला बोटभर व्हॅसलीन. नवरीची आई नवरीसारखी दिसायची. ही काच घ्या. लेन्सला मात्र बोट लावू नका."

पनवेलच्या हवेत व्हॅसलीन घरात असण्याचं कारण नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी दिनानाथने फडताळ धुंडाळलं आणि साजूक तुपाची बरणी काढली. मे महिना, तूप पाण्यासारखं पातळ. काचेला तुपाचा हात फिरवून, ती लेन्सवर चढवून त्याने कॅमेरा विनिताच्या ओट्यावर ठेवला आणि अरुंधतीची मनधरणी करायला गेला. त्यात पाऊण तास गेला.

"शेवटचा हं," ती पैठणीच्या निऱ्या करत म्हणाली. "संध्याकाळी ती लेन्स या घरात दिसता कामा नये."

दिनानाथ परत ओट्याशी आला, तर काचेवर मुंग्या. एक रांग टाइल्सवरून येत होती, दुसरी तृप्त होऊन जात होती. त्याने घाईघाईने काच काढली, झटकली, पुसायला धरली, आणि थबकला. कडेला तुपाचा एक टपोरा थेंब लोंबत होता आणि एक मुंगी दोन पाय वर करून तो पीत होती.

पुढचं त्याने केलं नाही, ते त्याच्या हातून झालं. काच कपड्यांच्या चिमट्यात उभी केली, चिमटा विनिताच्या मिसळणाच्या डब्यावर ठेवला, आणि तो श्वास रोखून मुंगीच्या डोळ्यापर्यंत पोचला. समोरच्या हॉलमध्ये अरुंधती वीस मिनिटं हसत बसली होती. हसून गाल दुखले तेव्हा ती उठली, जिना ओलांडून आली आणि कमरेवर हात ठेवून चिमट्यापलीकडे उभी राहिली.

क्लिक.

"लेन्स डब्यात भरा," ती म्हणाली. "मी स्वतः येते परत द्यायला."

अय्यूबभाईंनी नियमाप्रमाणे लेन्स तपासायला शेवटचा फोटो पडद्यावर घेतला. मुंगी बघून ते "वाह" म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी, या थेंबात तुम्ही आहात."

होती. तुपाच्या थेंबात अख्खी अरुंधती होती. पदर होता, दोन्ही काठ होते, नथ होती. लव नव्हती, सुरकुती नव्हती. राग तेवढा होता, पण तुपातून तो नुसता रुबाब वाटत होता. फक्त डोकं खाली आणि पाय वर.

"थेंबात उलटंच दिसतं," दिनानाथ पुटपुटला.

अय्यूबभाईंनी फोटो फिरवला. अरुंधती बराच वेळ बघत राहिली.

"याला म्हणतात फोटो," ती म्हणाली. "मोठा करा. फ्रेम करा. लेन्स राहू दे."

"पण अगं, मुंगी उलटी झाली!"

"तिला काय? ती छतावरही चालते."

दिनानाथच्या आयुष्यातली सर्वांत चांगली मुंगी अशा रीतीने हॉलमध्ये पाय वर करून टांगली गेली. पाहुणे म्हणायचे, "वा, पैठणी काय सुरेख!" दिनानाथ आतल्या खोलीत जायचा. पण पहिल्याच शुक्रवारी, अरुंधती भाजीला गेलेली असताना, धूळ पुसायला म्हणून त्याने फ्रेम उतरवली, तर टांगायची कडी वरही होती आणि खालीही. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ती बाहेर पडली की मुंगी सुलटी व्हायची. तो समोर खुर्ची टाकून चहा प्यायचा. सुदैवाने अरुंधती हल्ली जिना चढताना फार मोठ्याने खोकायची. बिचारीला दम लागत असावा. तेवढ्यात फ्रेम फिरवून होत असे.

महिन्याभराने लेन्स साफ करायचा ब्रश आणायला दुकानात गेला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अय्यूबभाई, त्या फ्रेमला तुम्ही चुकून दोन कड्या लावल्यात. पण चूक माझ्या पथ्यावर पडली हो."

"चूक?" अय्यूबभाईंनी मान वर केली. "वहिनी मुद्दाम सांगून गेल्या ना. म्हणाल्या, दोन्हीकडे लावा, मी मंगळवारी आणि शुक्रवारी घरी नसते."