धकाते काकाजींची दुसरी शिफ्ट

प्रताप नगरात राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या अंगणातल्या दोरीवर मला लाल डाग पडलेली फडकी वाळत घातलेली दिसली. एक-दोन नव्हे, ओळीनं सात. प्रत्येकाला चिमटा, आणि चिमट्यात वाराची चिठ्ठी. मी घाबरून बायकोला म्हणालो, "या घरात काहीतरी भयंकर चाललंय." ती म्हणाली, "त्यांची धुतलेली तरी आहेत. आपली बघा."

तरी मी कुंपणापाशी जाऊन विचारलंच. बनियनवर उभे असलेले एक किडकिडीत गृहस्थ म्हणाले, "रक्त नाही गा, गिअरबॉक्सचं तेल आहे. रोजचा एक थेंब. लाल-गुलाबी आहे तोवर ठीक. तपकिरी झालं अन् जळक्या फोडणीसारखा वास आला, की खेळ खतम." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की खेळ बहुधा दुपारपर्यंत खतम होणार.

हे धकाते काकाजी. कोराडीच्या वीज केंद्रात उभा जन्म काटे बघून रीडिंग लिहिण्यात गेला. घराणं विणकराचं, म्हणून फडकीसुद्धा साधी नाहीत. "माझ्या बापाच्या मागावरचं धोतर आहे हे. याचा धागा सुटत नाही. बाजारातल्या चिंधीचं कूस आत गेलं तर गिअरबॉक्स खोकते." तेल मोजायची दांडी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा काढायची, डोळ्यांसमोर धरायची, हुंगायची, वहीत लिहायचं. हे सगळं इंजिन गरम आणि चालू असताना. मध्ये कोणी बोललेलं चालत नसे.

गाडी जुनी, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. तीन वर्षांपूर्वी काकूंची डावी बाजू लुळी पडली होती. हात परतला, पाय मात्र अर्धाच परतला. काकू शाळेत शिकवायच्या, स्वतःची गाडी स्वतः चालवायच्या. ऑटोत चढताना ऑटोवाल्यानं दंडाला धरलेलं त्यांना खपत नसे, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. मग काकाजींनी ही गाडी शोधून आणली, आणि काकू व्यायामाला, भाजीला, मैत्रिणींकडे पुन्हा एकट्या जायला लागल्या. गाडी बसली तर काकू पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत बसणार, हे काकाजींना ठाऊक होतं. नवी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "तिचा हात हिच्यावर बसला आहे गा. दुसरीवर पुन्हा भीती घालवत बसू का?" असं म्हणून ते पुन्हा दांडी हुंगायला लागले.

एका सकाळी ते कुंपणावर येऊन पडेल आवाजात म्हणाले, "दुसरी शिफ्ट लेट येऊन राहिली."

मला वाटलं, काकूंसाठी बाई ठेवली असेल. मी म्हणालो, "मग बदलून टाका तिला."

काकाजी पांढरेफटक पडले. "बदलून? अन् भेटते कुठं? पार्ट येत नाही आता हिचे!"

पाच मिनिटांनी उलगडा झाला. कोराडीत तीन पाळ्या, तशा या गाडीतही त्यांच्या लेखी शिफ्टच होत्या. गाडी पहिल्या गिअरातून दुसऱ्यात आपोआप जायची ती अडखळत होती. इंजिन ओरडतं, गाडी विचार करते, मग धक्का देऊन निघते. वहीत नोंद होती: 'सोमवार. दु. शि. उशिरा. लोड घेत नाही.' खाली लाल रेघ.

एका मेकॅनिकनं गाडी एक चक्कर फिरवून गिअरबॉक्सचा निकाल दिला, "काकाजी, डब्बा गया. खोलना पडेगा. खोला तो बंद होने की गारंटी नहीं." त्या दिवसापासून शेजारचा घोर आमच्या घरीही राहायला आला. काकाजी आधीपासूनच रोज रीडिंग घेत, तेल खुणेच्या खाली दिसे, ते चमचाभर घालत. आता दुसऱ्या दिवशी धक्का वाढे. पुन्हा रीडिंग, पुन्हा खाली, पुन्हा चमचा. दांडीवर आता बारीक फेस यायला लागला होता. मी म्हणालो, "काकाजी, अति तिथे माती." ते म्हणाले, "रीडिंग खोटं बोलत नाही गा!" या एका वाक्यापुढे कोराडीतले साहेबही गप्प बसत म्हणे, माझी काय कथा.

काकूंना त्यांनी गाडी चालवायला बंदी केली. काकू दोन आठवडे खिडकीत बसून राहिल्या. मला ते बघवत नसे. काकाजी तर खिडकीकडे पाठ करूनच काम करत.

मग दसरा आला. काकाजींनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळत फाटकाकडे गेलं. आणून पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा ते माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं आणि मी हसलो. काकाजी तापले. "अपशकुन आहे हा! गाडी जाते आता!"

पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "अजी, लिंबू दर दसऱ्याले फाटकाकडेच काहून पळते?"

"उतार आहे ना. पावसाचं पाणी जायला."

"मग गाडी तिरपी उभी आहे. आतलं तेल बी तिरपंच असन."

काकाजी लिंबू हातात घेऊन उभेच राहिले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं सगळं चाललं होतं. उतारावर तेल दांडीपासून मागे सरकत होतं, रीडिंग कमी दाखवत होतं, आणि काकाजी काळजीपोटी भरल्या पोटी वाढत होते. तेल जास्त झालं म्हणून घुसळून फेस होत होता, आणि गिअर बदलतो तेलाच्या दाबावर; फेसाच्या जोरावर शिफ्ट बिचारी वेळेवर येणार कशी?

"मागच्या दसऱ्याले बी म्हटलं होतं मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं नाही."

यावर काकाजी भांडतील असं मला वाटलं. ते खाली मान घालून आत गेले आणि बारीक नळी लावलेली पिचकारी घेऊन आले. गाडी सपाट रस्त्यावर काढली. नळी दांडीच्या भोकातून सोडून थोडं थोडं तेल खेचलं, पुन्हा मोजलं, पुन्हा खेचलं. मी नुसता बाटली धरून होतो. काटेकोर खुणेवर तेल आल्यावर फेस बसेपर्यंत तासभर थांबलो. मग त्यांनी एक चक्कर मारली. दुसरी शिफ्ट वेळेवर आली.

काकूंनी काठी मागच्या सीटवर टाकली आणि मैत्रिणीकडे सोनं द्यायला एकट्या निघाल्या. काकाजी रस्त्यावर उभे, मान एका बाजूला कललेली. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी हलेनात.

मी म्हणालो, "गिअर एकदम मस्त पडतोय काकाजी. आता किती ऐकता?"

"गिअर नाही ऐकून राहिलो गा." त्यांनी बनियनच्या टोकानं डोळे पुसले. "ती पडली ना, त्या दिवशी मी मागं बोअरच्या मोटरपाशी होतो. स्क्रूड्रायव्हर कानाले लावून बेअरिंग ऐकत होतो. तिनं आतून तीन हाका मारल्या. तीन! शेजारच्या गल्लीतली बाई धावत आली. मले बेअरिंग ऐकू आलं, ती नाही ऐकू आली."

इतका वेळ त्यांच्यावर हसत आलो याची मला लाज वाटली. गाडीचा आवाज केव्हाच विरला होता. मी म्हणालो, "चला काकाजी, आत चला. काकू तासाभरानं येतील."

"तू जा," ते म्हणाले. "मी आहे इथं. तिनं आवाज देल्ला तर?"