पिवळ्याच्या पुढे लाल

गाडीची बारीकसारीक दुरुस्ती माणसाने स्वतः करावी, असं माझं ठाम मत आहे. जरा खुट्ट झालं की गॅरेजकडे धावणारे लोक निराळे! मंगळवारचंच घ्या. मागचं डावं चाक पंक्चर झालं, तर ते मी भररस्त्यात, कुणाचीही मदत न घेता अकरा मिनिटांत बदललं. घड्याळ लावून! बुधवारपासून ही अकरा मिनिटं मी भेटेल त्याला ऐकवत होतो. बायकोला तर चार वेळा ऐकवली.

त्यामुळे गाडीत तो पिवळा दिवा लागायला लागला तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. गोल दिवा, आत 'एबीएस' अशी अक्षरं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं घसरू नयेत, अशी एक सोय गाडीत असते. दिवा लागला म्हणजे ती सोय रजेवर गेली. साधा ब्रेक मात्र ठणठणीत! मी खुशाल तशीच गाडी चालवत होतो.

घोटाळा रविवारी सकाळी झाला. शेजारच्या सीटवर सासरे येऊन बसले.

सासरे आगगाडीचे ड्रायव्हर होते. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही सिग्नल चुकवला नाही, म्हणून त्या दिवशी अकरा वाजता त्यांचे जुने सहकारी त्यांचा सत्कार करणार होते. सासूबाईंसह ते आमच्याकडेच उतरले होते, त्यामुळे त्यांना तिथे न्यायचा मान माझ्याकडे! आता हा मान म्हणजे काय, ते ज्यांना साडू आहे त्यांनाच कळेल. लग्नाला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात सासऱ्यांनी माझ्या कुठल्याही पराक्रमावर 'बरं' यापलीकडे शब्द उच्चारलेला नव्हता. साडूने नुसती खुर्ची सरकवली तरी त्याला 'शाब्बास'! मला एक 'शाब्बास' हवं होतं. फक्त एक!

म्हणून सकाळी आठलाच मी त्यांना चकचकीत पुसलेली गाडी दाखवायला खाली आणलं. किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. एक राहिला.

"हा काय म्हणतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा! तो आपला असाच असतो."

सासरे दार उघडून खाली उतरले. "असाच कुठलाच दिवा नसतो, जावईबापू. पिवळ्याच्या पुढे लाल असतो."

"अहो, ब्रेक चांगला आहे!"

"हॉल अर्ध्या तासावर आहे. साडेदहाला निघायचं. तोवर दिवा गेला, तर तुमची गाडी. नाहीतर मी धाकट्या जावयांना बोलावून ठेवतो." आणि त्यांनी तिथेच साडूला फोन लावला! साडूची गाडी नवी कोरी. तिला दिवे लागत नाहीत, ती बोलते.

"अडीच तास?" मी बाह्या सरसावल्या. "मला अर्धा तास पुरे!"

वरून गॅलरीतून बायको म्हणाली, "अहो, मी आणि आई तयार होतोय. निघायच्या आधी हाक मारा हं! कामात शिरलात की तुम्हाला घरात माणसं राहतात याचाही पत्ता नसतो."

"हो, हो!" मी म्हणालो, आणि बॉनेट उघडलं.

सासऱ्यांनी खुर्ची मागवली, कोट चुरगळणार नाही असे बसले आणि खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. "आठ वाजून बारा मिनिटं," ते म्हणाले.

पहिला उपाय सोपा. बॅटरीची वायर काढायची, पाच मिनिटं थांबायचं, परत लावायची. गाडी रुसवा विसरते म्हणतात. मी वायर काढली, थांबलो, लावली. गाडी रुसवा विसरली नाही, पण मालक विसरली! चोर शिरल्यासारखी बोंब ठोकायला लागली. अख्ख्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. किल्लीचं बटण दाबून दाबून माझा अंगठा सुजला, तेव्हा कुठे ती गप्प झाली. दिवा पिवळा तो पिवळाच.

"आठ एकेचाळीस," सासरे म्हणाले.

आवाज ऐकून तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर दात घासत बाहेर आले. "काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, डॉक्टर. फ्यूज असणार!"

फ्यूजच्या डब्यात रंगीत गोळ्यांसारखे तीसेक फ्यूज होते. झाकणावरचा नकाशा मुंगीने काढल्याएवढा बारीक. मी अंदाजाने एक उपटला. अंदाज अगदी बरोबर निघाला, फ्यूज एबीएसचाच होता! तो काढताच पिवळ्याच्या शेजारी एक लालभडक दिवा लागला.

सासऱ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. एखादा माणूस 'म्हटलं होतं ना' असं तोंडाने म्हणाला तर परवडतो. फ्यूज चांगला होता. मी तो निमूटपणे जागेवर बसवला. लाल गेला, पिवळा राहिला.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. ब्रेकचं ऑइल पाहिलं, काठोकाठ होतं. गाडीखाली शिरलो, डोक्याला टेंगूळ आलं. नऊ पन्नासला साडूचा फोन. "निघतोय हं दादा! तुम्ही धडपडू नका." धडपडू नका! हे ऐकलं आणि माझी मती फिरली. हातून पाप घडलं ते मी लपवणार नाही. काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर डकवला. चोख! नवरीच्या गालावरचा तीळही इतका बेमालूम नसेल.

"बाबा, या! गेला दिवा!"

सासरे आले, बसले, चष्मा लावला. मी ऐटीत किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, विझले. अंधार!

"पुन्हा फिरवा," सासरे म्हणाले.

पुन्हा फिरवली.

"सुरुवातीला सगळे दिवे एकदा लागतात ना?"

"हो. ठीक आहेत हे सांगायला."

"मग हा का नाही लागला?" त्यांनी बोट पुढे केलं आणि नखाने पट्टी टरकन सोलली. खाली पिवळा दिवा लख्ख जळत होता.

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. त्यातून दाताचे डॉक्टर तळमजल्याच्या खिडकीतून वाकून बघत होते.

"छत्तीस वर्षं," सासरे हळू आवाजात म्हणाले, "मी पावसात, धुक्यात सिग्नल शोधायला डोळे ताणले. झाकायला नाही."

मला खरंच लाज वाटली. मघाशी साडूचा राग आला होता, आता माझा स्वतःचाच आला. "चुकलो, बाबा," मी म्हणालो.

सासरे खाली उतरले. मग कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला. "दिवा खोटं बोलत नाही. त्याला विचारायचं, कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारी काय झालं?"

"काही नाही हो! म्हणजे... पंक्चर. अकरा मिनिटांत चाक..." आणि मला एकदम आठवलं. चाक बसवताना एक काळी वायर मधे मधे येत होती. मी तिला हिसका देऊन बाजूला सारलं होतं. ती 'टक्' असं म्हणाली होती! अकरा मिनिटांच्या नादात मी तिचं ऐकलंच नव्हतं.

मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा पडलो. चाकाच्या पाठीमागचं काही दिसेना. "थांबा, थांबा!" डॉक्टर ओरडले आणि आत जाऊन दाढा बघायचा दांडीचा आरसा घेऊन आले. स्वतःच लुंगी सावरून उकिडवे बसले, आरसा आत घातला. "आ करा... म्हणजे, टॉर्च धरा. हं! सुटलाय. मुळापासून सुटलाय!"

चाकाची गती मोजणाऱ्या सेन्सरची वायर मोकळी लोंबत होती. मी आरशात बघत हात घातला, कोपर खरचटलं, दोन टोकं जुळवली, दाबली. टक्!

किल्ली फिरवली. पिवळा! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"दहा वीस," सासरे म्हणाले. मग म्हणाले, "चाक फिरल्याशिवाय त्याला कळणार कसं, गती मिळतेय म्हणून? चक्कर मारून या."

"तुम्ही पण चला!"

"दिवा जाईपर्यंत मी बसणार नाही."

मी एकटाच निघालो. पहिल्या वळणावर पिवळा. दुसऱ्या वळणावर पिवळा. सरळ रस्त्यावर जरा वेग घेतला आणि तो विझला! नुसता विझला! "गेला!" मी काचा खाली करून ओरडलो. भाजीवाल्याने दचकून गाडा बाजूला घेतला, बहुधा मी त्याच्यावर ओरडलो असं त्याला वाटलं. हॉर्न वाजवत परत आलो. सासरे कोट चढवून फाटकात उभे! बसले. मी किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली. सगळे दिवे लागले. सगळे विझले.

सासऱ्यांनी माझ्या काळ्या ग्रीसच्या हातावर हात ठेवला. "शाब्बास," ते म्हणाले. "दहा अठ्ठावीस. सोडा गाडी!"

डॉक्टरांनी आरसा हलवून निरोप दिला. काय सांगू तुम्हाला, तो अर्धा तास मी गाडी चालवली नाही, मिरवली! साडू कुठेच दिसत नव्हता. सासरे मला इंजिनाच्या गोष्टी सांगत होते, मी हसत होतो. दहा अठ्ठावन्नला हॉल. पहिल्या रांगेत माझी खुर्ची!

हारतुरे झाले. सासरे माईकसमोर उभे राहिले. "छत्तीस वर्षांत मी एक सिग्नल चुकवला नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "की एक प्रवासी मागे सोडून..."

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. दारात साडू. त्याच्या मागे, नटूनथटून, सासूबाई आणि माझी बायको.

सासरे थांबले. मी खुर्चीत पार खाली सरकलो. सासूबाईंची नजर थेट मंचावर. सगळा हॉल वाट बघतोय. सासऱ्यांनी घसा खाकरला.

"...निघालो नाही," ते म्हणाले. "आज तेवढी गाडी थोरले जावई चालवत होते."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! सासूबाई काही टाळ्या वाजवत नव्हत्या. बायकोने तर घरी येईपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण घरीही ती साडूच्याच गाडीतून आली.

तरी ते 'शाब्बास' अजून माझंच आहे. परत घेणार नाही ना, हे मी त्यांना दोनदा विचारून ठेवलंय. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बरं."