तायडे काकांचे वेळापत्रक

१२ फेब्रुवारी २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. शेजारचे तायडे काका कुंपणाशी उभे होते. मनगटावर तीन बोटे ठेवून, ध्वनिक्षेपकावरून बोलावे तशा आवाजात त्यांनी मला कळवले, "एका मिनिटात दोन जादा गाड्या सुटल्या. लिहून घे."

जादा गाडी म्हणजे हृदयाचा अवेळी पडलेला ठोका. काका कारंजा लाडच्या बसस्थानकावर तीस वर्षे वाहतूक नियंत्रक होते. इंझोरीची गाडी चार मिनिटे उशिरा आली, तरी चालकाच्या नावापुढे लाल शाईचा शेरा पडे. निवृत्तीनंतर नियंत्रणासाठी गाड्या उरल्या नाहीत, नाडी उरली.

निरोगी माणसांच्या हृदयाची लय वयानुसार कशी बदलते, हा माझ्या संशोधनाचा विषय. आणि काका माझे सर्वांत उत्साही, म्हणूनच सर्वांत त्रासदायक स्वयंसेवक. छातीला ठोके नोंदणारे चोवीस तासांचे यंत्र लावून दिले, की सोबतच्या दैनंदिनीत ते 'चहा घेतला' असे न लिहिता 'चहापाण्यासाठी थांबा, दहा मिनिटे' असे लिहीत. साठीनंतर निरोगी हृदयातही अवेळी ठोके वाढतात, त्यात सहसा धोका नसतो, हे मी त्यांना आकृत्या काढून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग गाडी डेपोत कवा लावाची?"

खरी भीती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. मधुमेहाने काकूंची दृष्टी गेली होती, मूलबाळ नव्हते. "माह्यी गाडी आधी बंद पडली, तर हिले कोन पाहीन?"

काकूंची नाडीही ते रोज मोजत, मात्र कौतुकाने. बसली असो, झोपली असो, शंभर म्हणजे शंभर, एक ठोका मागेपुढे नाही, असे ते गल्लीभर सांगत. मीही हसून ऐकत असे. शेवटी आदर्श नमुना म्हणून काकूंना यंत्र लावण्याचा हट्ट त्यांनी धरला. मी लावले.

नोंद पाहिली आणि माझे हसणे थांबले. निरोगी हृदय श्वास घेताना किंचित घाई करते, सोडताना रेंगाळते. हे रेंगाळणे वयाबरोबर कमी होत जाते. काकूंच्या नोंदीत ते उरलेच नव्हते. डोळ्यांनंतर मधुमेहाने हृदयाकडे जाणारे मज्जातंतू गाठले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितले, आणि गेलेले परत येत नाही, हेही.

मी काकांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ मनगटावरच्या घड्याळाला चावी देत राहिले.

"म्हंजे टाइमात चालते, हाच बिघाड?"

"हो, काका."

"अन् माह्यी चुकते, थे ठीक?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची नाडी मोजणे सोडले. रोज सकाळी ते काकूंच्या बाजेशी बसतात, मनगट धरतात, लांब श्वास घ्यायला लावतात. काकू वैतागतात, "काय करून राह्यले हो तुमी? चहा थंडा होऊन राह्यला." तीस वर्षांत एका मिनिटाचीही माफी न दिलेला हा माणूस त्यांच्या कानाशी वाकून म्हणतो, "एक तरी लेट सोड वं. शेरा नाही मारत."

काल त्यांना आपल्या बोटांवर भरवसा वाटेना, म्हणून मला यंत्र घेऊन बोलावले. मी नोंदले: श्वास घेताना शंभर. सोडताना शंभर.